हिंदुस्थानातील ब्रिटिश कुटुंबे आणि त्यांच्या मुलांचे संगोपन

१

ब्रिटिश अमदानीचा इतिहास आपण बहुधा लढाया, तहनामे, जमीनमहसूल आणि कायदेकानू ह्यांच्या अनुषंगाने अभ्यासतो. ज्यांनी हा कारभार चालविला ते संसारी गृहस्थही होते आणि परक्या मुलखात आपली मुले वाढवावयाची कशी हा प्रश्न त्यांना सतत भेडसावीत होता, ह्या गोष्टीकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः हा प्रश्न केवळ घरगुती नाही. राज्यकर्त्या वर्गाने त्याला जे उत्तर शोधले, त्यावरून त्या वर्गाची स्वतःविषयीची कल्पना स्पष्ट होते.

हे उत्तर ठरलेले होते. मूल पाच ते सात वर्षांचे झाले की त्याची रवानगी विलायतेस करावयाची, आईबापांनी येथे राहावयाचे, आणि पुढील दहाबारा वर्षांत जमेल तेव्हा परस्परांची भेट घ्यावयाची. ही चाल कंपनी सरकारच्या काळात रूढ झाली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकली. तिचे कारण म्हणून हिंदुस्थानच्या हवापाण्याकडे बोट दाखविले जाई. हे कारण कितपत खरे होते, आणि ते खरे असल्यास तेवढेच पुरेसे होते काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आरंभीच केला पाहिजे. १९व्या शतकात 'अँग्लो-इंडियन' हा शब्द हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांस लावीत असत. १९११ पासून सरकारी व्यवहारात तो मिश्र वंशाच्या लोकांसाठी रूढ झाला. घोटाळा टाळण्यासाठी येथे पहिल्या गटास 'ब्रिटिश कुटुंबे' असेच म्हटले आहे.

२

हवापाण्याची भीती निराधार नव्हती. १६८९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर आलेला धर्मोपदेशक जॉन ऑव्हिंग्टन ह्याचे प्रवासवर्णन १६९६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे, अशी त्या वेळची म्हण त्याने नोंदविली आहे, आणि येथे जन्मलेल्या इंग्रज मुलांपैकी विसांत एकही हाती लागत नाही असे म्हटले आहे. ह्या विधानात अतिशयोक्ती असू शकेल. पण त्यामागची भीती खरी होती. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीट दफनभूमीपासून लहानमोठ्या लष्करी छावण्यांतील कबरस्तानांपर्यंत सर्वत्र लहान मुलांचे दगड आढळतात, आणि पुष्कळदा एकाच आईबापांच्या दोन-तीन मुलांची नावे एकाच दगडावर कोरलेली दिसतात.

१८३३ च्या सनदी कायद्याने ब्रिटिश प्रजाजनांस हिंदुस्थानात येऊन राहण्यावर असलेली बंधने सैल झाली. पुढे आगबोटी आल्या, आणि १८६९ मध्ये सुवेझचा कालवा खुला झाल्यावर पूर्वीचा कित्येक महिन्यांचा प्रवास काही आठवड्यांवर आला. त्यामुळे येथे येणाऱ्या इंग्रज स्त्रियांची व त्यांच्या संसारांची संख्या वाढत गेली. ह्याच काळात रोगराईची मोजदादही सुरू झाली. हिंदुस्थानातील फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३ मध्ये गोऱ्या शिपायांतील वार्षिक मृत्यूचे प्रमाण हजारी ६९ असल्याचे दाखविले. हा आकडा धडधाकट तरुणांचा होता. बराकीत वाढणाऱ्या मुलांची स्थिती त्याहून बरी असण्याचे कारण नव्हते.

पंजाबातील अधिकारी हेन्री लॉरेन्स ह्याने १८४७ मध्ये कसौलीजवळ सनावर येथे गोऱ्या शिपायांच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली, ती हीच स्थिती पाहून. त्याची पत्नी ऑनोरिया हिने स्वतःची लहानगी मुलगी १८४१ मध्ये ह्याच डोंगराळ भागात गमावली होती. पुढे त्याच नावाच्या संस्था अबूच्या पहाडावर व निलगिरीत लव्हडेल येथे निघाल्या. मुलांना सपाटीवरून उचलून थंड हवेत ठेवले तर ती जगतात व वाढतात, हा ह्या संस्थांमागील विचार होता.

३

येथपर्यंतचा पुरावा हवामानाच्या कारणास पोषकच आहे. परंतु तो बारकाईने तपासू लागताच काही विसंगती पुढे येतात.

पहिली विसंगती वयाची. बालमृत्यूचे प्रमाण कोणत्याही देशात जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत अधिक असते. जीव वाचविणे हाच हेतू असता, तर तान्ह्या मुलांस प्रथम हलविणे प्राप्त होते. प्रत्यक्षात सर्वांत धोक्याची वर्षे मूल हिंदुस्थानातच काढी, आणि त्यातून तगल्यावर त्यास विलायतेस पाठवीत. तान्ह्या मुलास आईपासून तोडणे अशक्य असते हे खरे. पण मग पाचव्या-सातव्या वर्षी होणाऱ्या ताटातुटीचे कारण केवळ वैद्यकीय होते असे म्हणता येत नाही.

बंगाल्यातील नामांकित डॉक्टर जोझेफ फेअरर ह्यांनी ह्या विषयावर १८७३ मध्ये एक पुस्तिका लिहिली. युरोपीय मूल पाच, सहा किंवा सात वर्षांचे होईपर्यंत हिंदुस्थानात ठेवण्यास हरकत नाही, तोपर्यंत त्याच्या देहाची वा मनाची हानी होत नाही, असे ते सांगतात. त्यानंतर मात्र त्यास धाडलेच पाहिजे. न धाडल्यास ते शरीराने किडकिडीत व नाजूक होईल, आणि भोवतालच्या लोकांपासून नको त्या गोष्टी शिकून खोटेपणाकडे, बढाईकडे व अभ्यासाच्या आळसाकडे वळेल, असे त्यांचे म्हणणे. एका वैद्याने एकाच वाक्यात शरीर आणि शील ह्यांची सांगड घातली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. उन्हाने खोटे बोलण्याची सवय लागत नाही. तेव्हा फेअरर ह्यांना हवेइतकीच सहवासाची भीती वाटत होती, असेच अनुमान निघते.

दुसरी विसंगती थंड हवेच्या ठिकाणांची. महाबळेश्वर १८२८-२९ पासून गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या पुढाकाराने वसले. माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी हेरले. पुढे जॉन चेसन ह्यांच्या खटपटीने पाचगणी उदयास आली. सिमल्यास बिशप कॉटन ह्यांची शाळा १८५९ मध्ये निघाली. म्हणजे हवामानाच्या अडचणीवर देशातल्या देशात तोड निघाली होती. तरीही वरिष्ठ अधिकाऱ्यांची मुले ह्या शाळांत सहसा शिकली नाहीत. तेथे भरती झाली ती शिपाई, रेल्वे व तारखात्यातील नोकर, मळेवाले आणि मिश्र वंशाची कुटुंबे ह्यांच्या मुलांची.

तिसरी विसंगती ह्यातूनच निघते. ज्यांना विलायतेचा खर्च झेपत नसे, ती गोरी माणसे आपली मुले येथेच वाढवीत. मुंबईत आर्चडीकन जॉर्ज बार्न्स ह्यांच्या पुढाकाराने १८१५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे एज्युकेशन सोसायटीने अशाच गरीब मुलांसाठी भायखळ्यास शाळा चालविली आणि १९२५ मध्ये देवळालीस बार्न्स स्कूल काढले. ह्या मुलांस ऊन, ताप आणि पटकी तीच होती. हवामान सर्वांस सारखे असताना रवानगी मात्र एका वर्गाचीच होत असेल, तर कारण हवामानाबाहेर शोधावे लागते.

शेवटचा पुरावा दुसऱ्या महायुद्धाचा. १९४० नंतर समुद्रप्रवास धोक्याचा झाला आणि शेकडो ब्रिटिश मुले विलायतेस न जाता येथेच राहिली. काही तर तिकडून इकडे आणली गेली. डोंगरातील शाळा भरून गेल्या, आणि नैनिताल व दार्जिलिंग येथे युद्धकाळापुरत्या नव्या शाळा उघडाव्या लागल्या. शंभर वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले गेले, ते गरज पडताच शक्य झाले.

४

मग जपावयाचे ते काय होते? ह्याचे उत्तर शोधण्यासाठी ब्रिटिश बंगल्यातील मुलांच्या खोलीत डोकावले पाहिजे.

तेथे सत्ता असे ती आयेची. 'आया' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला आणि इंग्रजांनी तो उचलला. मुलास भरविणे, निजविणे, फिरावयास नेणे हे सर्व तिच्याकडे. 'बाबा' आणि 'मिसीबाबा' ह्यांची पहिली भाषा साहजिकच तिची होई. मुंबईत ३० डिसेंबर १८६५ रोजी जन्मलेल्या रडयार्ड किपलिंग ह्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात ह्या अवस्थेचे वर्णन केले आहे. वडील जॉन लॉकवुड किपलिंग हे सर ज. जी. कलाशाळेत शिक्षक होते. मुलाची आया पोर्तुगीज वळणाची रोमन कॅथलिक बाई होती. फिरावयास जाता-येता रस्त्याकडेच्या क्रुसापाशी ती प्रार्थना करी. मीता नावाचा हिंदू नोकर त्याला देवळांत घेऊन जाई. संध्याकाळी आईबापांकडे पाठविताना नोकर मुलांस बजावीत, की आता इंग्रजी बोला. आणि मग ती मुले ज्या भाषेत विचार करीत व स्वप्ने पाहत, त्या देशी भाषेतून अडखळत इंग्रजी करून बोलत.

हे वर्णन लेखकाने प्रेमाने केले आहे. परंतु त्या वर्गातील बहुसंख्य पालकांस त्यात धोका दिसे. मुलाच्या इंग्रजी उच्चारास देशी वळण लागले की त्यास 'ची-ची' बोली म्हणून हिणवीत, आणि ह्या बोलीवरून मुलगा मिश्र वंशाचा असल्याचा संशय घेतला जाई. जो येथेच वाढला त्यास 'कंट्री-ब्रेड' म्हणत. जे कुटुंब येथेच स्थायिक झाले ते 'डोमिसाइल्ड युरोपियन'. ही केवळ थट्टेची नावे नव्हती. त्यांवर नोकरी, पगार आणि विवाह अवलंबून असत. जातिव्यवस्थेवर टीका करणाऱ्या समाजाने स्वतःपुरती अशी एक उतरंड रचली होती, आणि तिच्यात मुलाचे स्थान ते कोठे जन्मले ह्यापेक्षा कोठे शिकले ह्यावर ठरत होते.

सरकारी धोरणही ह्यास अनुकूल होते. लॉर्ड कॅनिंग ह्यांनी १८६० मध्ये लिहिलेल्या टिपणीत, युरोपीय व मिश्र वंशाच्या मुलांच्या शिक्षणाची सोय न केल्यास मोठ्या शहरांत हिंदी वळणाच्या, सैल संस्कारांच्या इंग्रजांचा एक वर्ग तयार होईल व तो सरकारास भार होईल, असा इशारा दिला. सनदी नोकरीची स्पर्धापरीक्षा १८५५ पासून लंडनमध्ये होऊ लागली. ती हिंदुस्थानातही घेण्यास १९२२ साल उजाडले. ज्या बापाला आपला मुलगा आपल्याच खुर्चीवर बसावा असे वाटे, त्यास मुलाला विलायतेस शिकविण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८७४ मध्ये डेव्हनमधील वेस्टवर्ड हो येथे निघालेल्या युनायटेड सर्व्हिसेस कॉलेजसारख्या शाळा मुख्यतः लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलांवरच चालत.

ह्या चालीस राज्यकारभाराने दिलेली मान्यता ली आयोगाच्या शिफारशींत स्वच्छ दिसते. १९२४ मध्ये ह्या आयोगाने वरिष्ठ नोकरांस सरकारी खर्चाने विलायतेच्या प्रवासाची सवलत सुचविली. अधिकाऱ्यास व त्याच्या पत्नीस प्रत्येकी चार वेळा जाण्यायेण्याचा प्रवास. आणि प्रत्येक मुलास एकदाच, तोही एकेरी. मूल एकदा जावयाचे आणि परत यावयाचे नाही, हे सरकारने गृहीतच धरले होते.

ब्रिटिश कुटुंबांच्या ह्या इतिहासावर एलिझाबेथ ब्यूटनर ह्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'एम्पायर फॅमिलीज' ह्या ग्रंथात विस्ताराने लिहिले आहे. मुलांचे विलायतेतील शिक्षण हे त्या वर्गाचा दर्जा टिकविण्याचे मुख्य साधन होते, हा त्यातील निष्कर्ष वरील पुराव्याशी जुळतो.

५

ह्या व्यवस्थेची किंमत कोणी मोजली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे.

किपलिंग दांपत्याने १८७१ मध्ये सहा वर्षांचा होऊ घातलेला रडयार्ड व तीन वर्षांची ट्रिक्स ह्यांना साउथसी येथील एका अपरिचित कुटुंबात पैसे देऊन ठेवले. ह्या घराचा ठावठिकाणा वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून लागला होता. आईबाप जात आहेत हे मुलांस सांगण्यात आले नाही. आई परतली ती १८७७ मध्ये. ह्या वर्षांतील छळाची हकीकत किपलिंग ह्यांनी १८८८ मधील एका कथेत व पुढे आत्मवृत्तात दिली आहे. काही चरित्रकारांस ती अतिरंजित वाटते, आणि साधन म्हणून ती जपूनच वापरली पाहिजे. तथापि ट्रिक्स हिने १९३९ मध्ये लिहिलेल्या आठवणींतही, मारापेक्षा न सांगता टाकून गेल्याचे दुःख अधिक होते, असा सूर आहे. दोन स्वतंत्र साक्षी येथे मिळतात.

कादंबरीकार थॅकरे ह्यांचा अनुभव ह्याहून अर्धशतक जुना. कलकत्त्यास १८११ मध्ये जन्मलेला हा मुलगा बापाच्या मृत्यूनंतर १८१६ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी, विलायतेस निघाला. आई त्यास भेटली ती १८२० मध्ये. म्हणजे जहाजे बदलली, राज्य कंपनीकडून राणीकडे गेले, तरी मुलाच्या वाट्यास येणारी वर्षे फारशी कमी झाली नाहीत.

आईपुढील पेच वेगळा होता. नवऱ्याबरोबर राहावे की मुलांबरोबर, ह्यांपैकी एकाची निवड तिला करावी लागे. बाबरनाम्याच्या भाषांतरकर्त्या म्हणून अभ्यासकांस परिचित असलेल्या ॲनेट बेव्हरिज ह्याच पेचातून गेल्या. त्यांचे पती हेन्री बंगाल्यात जिल्हा न्यायाधीश होते. रंगपूर येथे १८७९ मध्ये जन्मलेले त्यांचे पुत्र विल्यम पुढे ब्रिटनमधील समाजकल्याण योजनेचे प्रवर्तक म्हणून प्रसिद्धीस आले. आईबापांच्या पत्रांवर आधारलेला 'इंडिया कॉल्ड देम' हा ग्रंथ विल्यम ह्यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. राज्यकर्त्याच्या संसाराचा एवढा पत्ररूप पुरावा क्वचितच उपलब्ध होतो.

तुलनेसाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्यांना येथे राज्य टिकवावयाचे नव्हते. मुंबईस १८१३ मध्ये आलेले अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल ह्यांनी १८२५ मध्ये पत्नी व दोन मुलगे ह्यांना मायदेशी धाडले. एक मुलगा समुद्रातच वारला. आणि पुढल्याच वर्षी, मार्च १८२६ मध्ये, हॉल स्वतः नाशिककडील दौऱ्यात पटकीने मरण पावले. येथे प्रकृतीचे कारण खरेखुरे होते ह्यात शंका नाही. ह्याच मिशनमधील रॉबर्ट ॲलन ह्यूम ह्यांचा जन्म १८४७ मध्ये मुंबईचा. वडील १८५४ मध्ये परतीच्या प्रवासात वारले आणि मुलांचे शिक्षण अमेरिकेत झाले. तथापि ह्यूम १८७४ मध्ये परत आले ते अहमदनगरला, आणि आयुष्यातील बहुतेक काळ तेथेच राहिले. पुढे १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांनी कोडाईकनाल येथे आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तिचा हेतूच मुले आईबापांच्या देशात, निदान त्यांच्या आवाक्यात, राहावीत हा होता. त्यांनाही मुलांस पुढे अमेरिकन महाविद्यालयांत पाठवावयाचे होते. पण सातव्या वर्षी नव्हे. उच्चार बिघडल्याने ज्यांचे स्थान ढळत नव्हते, त्यांनी शाळा निघताच मुले जवळ ठेवली.

६

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की हवामानाचे कारण आरंभी खरे होते, आणि १९व्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते उत्तरोत्तर दुबळे होत गेले. उकळलेले पाणी, क्विनाइन, सुधारलेल्या बराकी आणि १८९७ मधील रोनाल्ड रॉस ह्यांचा हिवतापाविषयीचा शोध ह्यांनंतर ते पूर्वीच्या जोराने मांडणे शक्य नव्हते. तरी चाल टिकली, कारण तिचे दुसरे कार्य, म्हणजे राज्यकर्ता वर्ग पिढ्यान्‌पिढ्या परकाच ठेवणे, चालूच होते. आईबापांनी सांगितलेले कारण खोटे होते असे नव्हे. ते त्यांना मनापासून खरे वाटत होते, आणि म्हणूनच दुसऱ्या कारणाचा उच्चार करण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही.

ह्या इतिहासात एक साक्षीदार मात्र जवळजवळ मूक आहे, आणि ती म्हणजे आया. तिच्याविषयी मेमसाहेबांनी पुष्कळ लिहिले. तिने स्वतः लिहिलेले फारसे हाती येत नाही. मुलांस विलायतेस पोचवावयास गेलेल्या कित्येक आया तेथे वाऱ्यावर सोडल्या गेल्या आणि परतीची नोकरी मिळेपर्यंत लंडनमधील आयांच्या वसतिगृहात राहिल्या. हे वसतिगृह आधी ऑल्डगेट येथे होते. १९०० मध्ये ते हॅकनी येथे गेले, आणि त्या इमारतीवर २०२२ मध्ये स्मृतिफलक बसविण्यात आला. मुंबई इलाख्यातील कुटुंबांबरोबर गेलेल्या आयांत कोकणी व मराठी बोलणाऱ्या स्त्रिया होत्याच. जहाजांच्या उतारूंच्या याद्या, मुंबई इलाख्याच्या चर्चमधील नोंदींच्या लंडनला पाठविलेल्या व सध्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या प्रती, आणि येथील चर्चची मूळ दप्तरे ह्यांची सांगड घालून त्यांचा माग काढता येईल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस प्रबंधासाठी हा विषय सुचवावासा वाटतो.

ह्या अभ्यासास आजचे प्रयोजनही आहे. पूर्व आफ्रिकेत नोकरीस गेलेल्या गोव्याच्या कुटुंबांनी मुलांस शिक्षणासाठी गोव्यास धाडल्याची उदाहरणे विपुल आहेत. आखाती देशांत, जेथे परकीयास बहुधा नागरिकत्व मिळत नाही, तेथील मराठी कुटुंबांपुढे मुलाने कोठे शिकावे हा प्रश्न आजही उभा राहतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्यांपुढे तो उलट बाजूने येतो. तेथे मुले जवळ राहतात आणि भाषा दूर जाते. ह्या कुटुंबांजवळ सत्ता नाही, म्हणून त्यांची तुलना ब्रिटिशांशी सरसकट करता येणार नाही. पण मुलाच्या भवितव्याविषयी निर्णय घेताना आपण कोणते कारण बोलून दाखवितो आणि कोणते गृहीत धरतो, हा प्रश्न दोघांस समान आहे, आणि पत्रे, आठवणी व शाळांची दप्तरे जपून ठेवली तरच पुढील अभ्यासकास तो सोडविता येईल.

किपलिंग १८८२ च्या ऑक्टोबरात, सतरावे वर्ष संपण्यापूर्वी, मुंबई बंदरात उतरले. तेथील दृश्ये व वास ह्यांनी आपल्या तोंडून देशी भाषेतील वाक्ये आपोआप बाहेर पडली, पण त्यांचा अर्थ आपल्याला कळेना, असे ते सांगतात. विलायतेतील शिक्षणाने जे पुसावयाचे होते ते किती पुसले गेले आणि किती उरले, ह्याची ही एक नोंद होय. आणि अशा नोंदी गोळा करणे हे ह्या विषयाच्या अभ्यासकाचे पहिले काम आहे.